‘हिला काय होतंय!’ : पॉर्शे ९४४ आणि लँड क्रूझर ८०

निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांची सुटका होईल. घरात एकच गाडी ठेवायची असेल तर लँड क्रूझर ठेवा. पण दोन्ही सेकंडहँड विकायला उभ्या असतील, वरून सारख्याच चकचकीत दिसत असतील आणि सही कुठल्या कागदावर करायची एवढंच ठरायचं असेल, तर मी आधी ९४४ कडे वळेन. दादाच्या मते या दोन वाक्यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही. माझ्या मते उत्तम बसतो.

गाड्या अशा. माझी १९८६ ची पॉर्शे ९४४. साधी, आठ व्हॉल्व्हची. टर्बो नाही, पुढे आलेली एस-टूही नाही. दादाची १९९२ ची टोयोटा लँड क्रूझर, ८० सीरिज, ४.२ लिटरचं टर्बो डिझेल, हातानं टाकायचे पाच गिअर, पुढच्या-मागच्या दोन्ही एक्सलना डिफ लॉक, म्हणजे एक्सलची दोन्ही चाकं एकत्रच फिरायला लावणारी सोय. दोन्ही आम्ही जुन्याच घेतल्या, दोन्हींचं बरंचसं काम घरी करतो आणि चाव्यांची अदलाबदल सारखी चालू असते. कूपेची तुलना फोर बाय फोरशी कशी काय करायची, असं कुणी म्हणेल. कागदावर करता येत नाहीच. पण एकदा का माणसाला जुन्या गाडीचा नाद लागला की त्याच्या यादीत या दोन जाती हमखास शेजारी शेजारी येतात आणि मग तो रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जाहिराती बघत बसतो. हे त्याच्यासाठी आहे.

९४४ ला जन्मापासून टोमणे ऐकावे लागले. तिची थोरली बहीण ९२४ मुळात फोक्सवॅगनसाठी आखलेली. फोक्सवॅगननं अंग काढून घेतल्यावर पॉर्शेनं तो आराखडा स्वतःकडे घेतला आणि १९७६ मध्ये गाडी बाजारात आणली. इंजिन ऑडीकडून आलेलं, आणि त्याच घराण्यातलं इंजिन फोक्सवॅगनच्या एलटी व्हॅनमध्येही बसत होतं. झालं, व्हॅनच्या इंजिनाची पॉर्शे म्हणून लोकांनी तिला जन्मभर हिणवलं. १९८२ मध्ये ९४४ आली ती पॉर्शेचं स्वतःचं इंजिन घेऊन. पॉर्शेच्याच ९२८ या गाडीच्या मोठ्या, आठ सिलिंडरच्या व्ही-८ इंजिनाची एक बाजू डोळ्यांपुढे ठेवून केलेलं, तिरकं बसवलेलं, चार सिलिंडर आणि २४७९ सीसी. तरीही गाडी ऑडीच्या नेकार्झुल्मच्या कारखान्यात जुळवली जायची, त्यामुळे नाकं मुरडणाऱ्यांना काहीतरी शिल्लक राहिलंच. मला त्याचं काही वाटत नाही. गाडी कुठल्या छपराखाली जुळवली यावरून तिचं स्टिअरिंग बदलत नाही.

त्या इंजिनाबद्दल मात्र जरा सविस्तर बोलू द्या, कारण माझा दिवस यंत्राच्या ड्रॉइंगवर जातो आणि हा माझ्या आवडीचा विषय आहे. अडीच लिटर चार सिलिंडरांत वाटले की एकेकाच्या वाट्याला सहाशे सीसीच्या वर येतात. एवढं मोठं पिस्टन वर-खाली नाचायला लागलं की एका ओळीतलं चार सिलिंडरचं इंजिन थरथरतं. कनेक्टिंग रॉड तिरका होतो त्यामुळे वरच्या अर्ध्या फेऱ्यातली आणि खालच्या अर्ध्या फेऱ्यातली पिस्टनची चाल सारखी नसते, आणि क्रँकच्या दर फेऱ्याला दोनदा हिसका बसतो. यावरचा उतारा फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरनं शंभराहून अधिक वर्षांपूर्वी शोधून ठेवला होता: एका बाजूला जड असलेले दोन दांडे, क्रँकच्या दुप्पट वेगानं, एकमेकांच्या उलट दिशेनं फिरवायचे. मित्सुबिशीनं पुढे ते दांडे एक वर, एक खाली असे वेगवेगळ्या उंचीवर बसवण्याची युक्ती काढली आणि तिचं पेटंट घेतलं. पॉर्शेनं सरळ त्याचा परवाना घेतला. स्वतःच्या हुशारीवर जगणाऱ्या कंपनीनं दुसऱ्याची युक्ती पैसे मोजून वापरावी, हे मला त्या गाडीतलं सगळ्यात शहाणपणाचं काम वाटतं. आयडलिंगला सीटखाली थोडी कुरकुर जाणवते. दोन हजार आवर्तनं ओलांडली की ती कुठे गेली ते कळतही नाही.

आणि गिअरबॉक्स मागे. क्लच इंजिनाला चिकटून पुढे, गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियल (ताकद दोन चाकांत वाटून देणारी गिअरची पेटी) मागच्या चाकांमध्ये, मधे एक लांब नळी, आणि तिच्या आत इंजिनाच्याच वेगानं फिरणारा बारीक शाफ्ट. त्यामुळे ११८० किलोच्या आसपास असलेलं वजन पुढे-मागे जवळजवळ निम्मं-निम्मं वाटलं जातं. हे ‘निम्मं-निम्मं’ माहितीपत्रकात वाचून काही कळत नाही. ते कळतं लांबलचक उजव्या वळणावर, जिथे रस्ता मधेच थोडा जास्त आवळतो. ज्या गाडीचं सगळं वजन नाकावर असतं ती अशा ठिकाणी बाहेर सरकायला बघते. आपण स्टिअरिंग आणखी फिरवतो, ती आणखी हट्ट करते. ९४४ तिथे पुढची आणि मागची चाकं एकदमच टेकवते. अॅक्सिलरेटर जरासा सोडला की नाक आत येतं, जरासा दाबला की गाडी मागच्या चाकांवर बसते. घाई कसलीच नाही. वजन दोन टोकांना असल्यामुळे ती फिरकी घ्यायला मुळातच आळशी आहे, आणि हाच आळस चालवणाऱ्याला विचार करायला वेळ देतो.

पिकअपची अपेक्षा ठेवून बसाल तर मात्र निराश व्हाल. युरोपातल्या आवृत्तीची १६३ अश्वशक्ती, शून्य ते शंभरला कंपनीच्या आकड्यानुसार साडेआठ सेकंदांच्या आतबाहेर. आजची कुठलीही बरी टर्बो हॅचबॅक तिला सिग्नलला मागे टाकते. टाकू दे. स्टिअरिंगचं चाक खाली बसवलेलं आहे, माझ्या मांडीला लागतं, उंच माणसाला तर गुडघे फाकवूनच बसावं लागतं. मागच्या दोन सीट या सीट आहेत असं म्हणायला कायद्याची हरकत नसेल, पण प्रौढ माणसाची असते. उघडमीट करणारे हेडलाइट एकाच मोटरवर चालतात, दोघांना जोडणारा दांडा बॉनेटखाली असतो. मोटर गेली तर ती हातानं फिरवून दिवे उभे करता येतात. मागची काच-डिकी प्रचंड मोठी, सामान भरपूर मावतं, पण काच चौकटीपासून सुटायला लागली की पाणी आत येतं आणि त्याचा वास महिनाभर जात नाही.

आता दादाची.

१९८९ च्या टोकियो मोटर शोमध्ये दाखवली आणि पुढच्या वर्षी विकायला आली तेव्हा ८० सीरिजनं एक मोठी उडी घेतली होती: आधीच्या ६० सीरिजच्या पट्ट्यांच्या कमानी जाऊन चारही कोपऱ्यांत कॉइल स्प्रिंग आल्या. पण एक्सल पुढे-मागे दोन्हीकडे सलग ठेवले, खाली शिडीसारखी जाड चासिस ठेवली. पुढे १९९८ मध्ये १०० सीरिज आली तेव्हा बहुतेक आवृत्त्यांत पुढचा सलग एक्सल गेला. म्हणून आरामाचा थोडा विचार केलेली आणि तरीही पुढचा एक्सल सलग असलेली मोठी लँड क्रूझर हवी असेल तर ८० कडेच यावं लागतं. वजन दोन टनांच्या वर. १६० च्या आसपास अश्वशक्ती, म्हणजे माझ्या ९४४ एवढीच, जवळपास दुप्पट वजन ओढायला. पण टॉर्क, म्हणजे ओढण्याची ताकद, ३६० न्यूटन-मीटरच्या घरात आणि तोही १८०० आवर्तनांच्या आसपास. माझीला तीन हजारांवर २०५ मिळतो. त्यामुळे अंकांच्या मानानं ती रस्त्यावर तितकी बापुडवाणी वाटत नाही. चौथ्या गिअरमध्ये टाकावी आणि चढ येऊ द्यावेत.

सपाट रस्त्यावर चालवायला, खरं सांगायचं तर, ती कंटाळवाणी आहे. स्टिअरिंगला मध्यावर थोडी ढिलाई आहे, ती त्या बनावटीतच येते. वळणावर आधी अंग कलतं आणि मग दिशा बदलते. ब्रेक लवकर लावायचे. कार्पेट जाड, सीट सोफ्याच्या वळणाची, काचा उंच, बसलं की शेजारच्या ट्रकवाल्याशी डोळ्याला डोळा भिडतो. मागचा दरवाजा वर-खाली असा दोन भागांत उघडतो आणि खालच्या फळीवर दोन माणसं निवांत बसतात. घरातल्या सगळ्यांना गाडीचा तोच भाग सगळ्यात जास्त आवडतो, आणि मी त्यांना दोष देत नाही.

ती कशासाठी बनवली आहे ते डांबर संपल्यावर कळतं. ओल्या चिकणमातीचा चढ होता, ट्रॅक्टरनं पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या, आणि त्या एकमेकींना तिरक्या कापत होत्या. अशा जागी गाडी कर्णावर उभी राहते: पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक अधांतरी, आणि डिफरेन्शियलच्या स्वभावानुसार सगळी ताकद त्या रिकाम्या फिरणाऱ्या चाकांकडे पळते. दादा शेजारी होता, स्टिअरिंग माझ्या हातात. लो रेंज, म्हणजे हळू पण जास्त जोरानं ओढणारे गिअर, टाकली की मधलं डिफरेन्शियल या गाडीत आपोआप लॉक होतं, तरी गाडी जागची हलेना; पुढचं एक, मागचं एक अशी दोन चाकं चिखल उडवत होती. मग डॅशबोर्डवरचा गोल खटका. तो आधी मागचं डिफ लॉक करतो, आणखी फिरवला तरच पुढचंही करतो; ही क्रमवारी ज्यानं ठरवली त्याला कळत होतं, कारण पुढचं लॉक झालं की स्टिअरिंग दगडासारखं होतं. खटका एक घर फिरवला. दिवा लुकलुकायला लागला. लुकलुकतोय म्हणजे मोटरनं दात सरकवले आहेत पण अजून बसलेले नाहीत. “थोडी पुढे-मागे कर, गं,” दादा म्हणाला. क्लच अर्धा सोडून गाडी जरा डोलवली, खालून बोथट ‘टक्’ ऐकू आलं, दिवा स्थिर झाला. मग अॅक्सिलरेटरला हातही न लावता, म्हणजे पायही न लावता, आयडलिंगवर ती तो चढ चढून गेली. इंजिनाचा आवाजसुद्धा बदलला नाही. ९४४ मध्ये मला असा अनुभव कधी येणार नाही, आणि तो यावा म्हणून माणसं या गाडीवर जीव टाकतात हे मला पूर्ण समजतं.

इथवर कुणीही लिहील. माझं म्हणणं इथून पुढे आहे.

दादाचं एक आवडतं वाक्य आहे: “हिला काय होतंय!” ऑइल बदलायची वेळ टळली, हिला काय होतंय. पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला तेल दिसतंय, हिला काय होतंय. आणि गंमत म्हणजे खरंच काही होत नाही, बराच काळ. गाडी चालू होते, चढते, ओढते. तिच्या सहनशक्तीबद्दलची ख्याती खोटी नाहीच. पण ती ख्याती माहीत असलेला प्रत्येक मालक तिच्यावर थोडं थोडं टाकून ठेवतो, आणि तीस वर्षांत मालक बरेच होतात. प्रत्येकानं थोडंच टाकलेलं असतं. शेवटच्याला सगळं एकदम मिळतं.

आमच्या गाडीच्या पुढच्या एक्सलचं उदाहरण देते. सलग एक्सलमध्ये पुढची चाकं वळायला हवीत आणि फिरायलाही हवीत, म्हणून दोन्ही टोकांना एक मोठा पोकळ गोल असतो आणि त्याच्या आत ताकद पोचवणारा जॉइंट. या जॉइंटला बर्फिल्ड म्हणतात. तो मॉलिब्डेनमच्या जाड काळ्या ग्रीसमध्ये बुडलेला असतो. आतल्या बाजूला एक ऑइल सील असतं. डिफरेन्शियलचं पातळ तेल एका बाजूला आणि ग्रीस दुसऱ्या बाजूला ठेवणं एवढंच त्याचं काम. तळहातावर मावणारी रबराची रिंग. ती थकली की तेल ग्रीसमध्ये शिरतं, ग्रीस पातळ होतं आणि गोलाच्या बाहेरून ओघळायला लागतं. आम्ही गाडी घेतली तेव्हा आधीच्या मालकानं ते ओघळ पुसून, वर धुऊन गाडी उभी केली होती. घरी आणून काही दिवसांत चाकाच्या आतल्या कडेवर काळी चकाकी आली. दादा म्हणाला, हिला काय होतंय, जरा ओलसर तर आहे.

हब काढलं तेव्हा आत ग्रीस नव्हतंच. काळं, पातळ, तेलकट पाणी होतं, आणि ते ट्रेमध्ये ओतल्यावर तळाशी चमचमणारी धातूची पूड बसली. बोटानं चोळली तर कणी लागत होती. जॉइंटच्या पोलादी गोळ्या जिथे फिरतात त्या खाचांत नखाला जाणवतील अशा पायऱ्या पडल्या होत्या. वळवणारी वरची-खालची बेअरिंग एका ठिकाणी खड्डे पाडून बसली होती. म्हणूनच स्टिअरिंग सरळ धरल्यावर तिथेच ‘बसायचं’, आणि आम्हाला ते स्थिर चालणं वाटायचं. यातला प्रत्येक भाग एका छोट्या सीलपायी गेला होता, आणि ते सील वेळेवर बदललं असतं तर बाकी कशाला हात लावावा लागला नसता. दोन्ही बाजूंचं काम करायला आम्हाला अख्खी सुटी गेली, आणि गॅरेजमधला तो ग्रीसचा वास अजून माझ्या एका स्वेटरला आहे.

असाच प्रकार बेल्टचा. पुष्कळांना वाटतं की एवढं दांडगं डिझेल, त्याला साखळी किंवा गिअर असतील. नाही. या ४.२ लिटरच्या डिझेललाही रबरी टायमिंग बेल्ट आहे आणि तो तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. टोयोटानं त्यासाठी डॅशबोर्डवर खास दिवा दिला आहे. एक लाख किलोमीटर झाले की तो लागतो आणि बेल्ट बदला म्हणून सांगतो. कल्पना उत्तम. पण तो दिवा मीटरमधूनच पुन्हा शून्यावर आणता येतो, त्याला बेल्टशी काही देणंघेणं नाही. दिवा विझवायला पाच मिनिटं लागतात, बेल्ट बदलायला अर्धा दिवस. त्यामुळे जुनी ८० बघायला गेलात आणि विकणारा अभिमानानं म्हणाला की बघा, दिवा नाही, तर त्याला बिल मागा.

आता माझ्या ९४४ कडे या. तिला दोन बेल्ट आहेत: एक कॅमशाफ्टचा, त्यावरच पाण्याचा पंपही फिरतो, आणि दुसरा त्या समतोल राखणाऱ्या दोन दांड्यांचा, दोन्ही अंगांना दात असलेला. डॅशबोर्डवर दिवा वगैरे नाही. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह वाकणार हे नक्की. ताण कमी पडला तर दात चुकणार, जास्त झाला तर पंपाचं बेअरिंग जाणार. ताण मोजायला कंपनीनं वेगळं मापयंत्रच काढलं होतं. १९८७ पासून ताण आपोआप धरणारा स्प्रिंगचा टेन्शनर आला. माझी त्याआधीची, म्हणजे नवा बेल्ट थोडा चालला की पुन्हा उघडून ताण बघायचा. सर्वसाधारण शिरस्ता असा की चार वर्षं किंवा पन्नासेक हजार किलोमीटर, जे आधी होईल ते. गाडी नुसती उभी असली तरी चार वर्षं ती चारच.

भीतीदायक वाटतं ना? पण या भीतीनंच काम केलं आहे. ९४४ पाळणारा प्रत्येक माणूस बेल्टच्या धाकात असतो, म्हणून तो बिलं जपून ठेवतो. माझ्या गाडीबरोबर एक जाडजूड फाइल आली. कुठल्या वर्षी कुठला बेल्ट, पंप कधी, ताण कधी तपासला, सगळं तारखेनिशी. ज्यांनी हे केलं नाही त्यांच्या गाड्यांचे व्हॉल्व्ह वाकले आणि त्या कधीच भंगारात गेल्या. म्हणजे आज जी ९४४ धावती आहे आणि जिच्याबरोबर कागद आहेत, ती कुणीतरी काळजी घेतली म्हणूनच टिकली आहे. आज धावती असलेली लँड क्रूझर कुणी काळजी घेतली म्हणून टिकली की न घेताही टिकली, हे बाहेरून कळायला मार्ग नाही. माझा सगळा मुद्दा एवढाच.

दादा यावर म्हणतो, “तुझी गाडी एका रिलेपायी रस्त्यात बंद पडते, ते सांग की.” सांगते. इंजिनाचा कॉम्प्युटर आणि पेट्रोलचा पंप यांना वीज पुरवणारा एक रिले, म्हणजे विजेवर चालणारं बटण, या गाड्यांत आहे. आतले टाके जुने होऊन चिरतात आणि गाडी काही न सांगता गप्प होते, गरम असताना तर हमखास. काडेपेटीएवढा तो रिले. ९४४ वाले दुसरा नेहमी ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवतात, मीही ठेवते, आणि बदलायला फ्यूजच्या पेटीपर्यंत हात पोचायला लागतो तेवढाच वेळ लागतो. दादाच्या डिझेलला इंजिन चालवायला कॉम्प्युटर लागत नाही, इंजेक्शन पंप यांत्रिक आहे, हे मान्य. आडरानात हा फरक फार मोठा. मी म्हणूनच तर वर म्हटलं, एकच गाडी ठेवायची तर तीच ठेवा.

क्लचचं मात्र मी ९४४ च्या बाजूनं काही बोलू शकत नाही. गिअरबॉक्स मागे नेल्याची किंमत इथे मोजावी लागते. लँड क्रूझरचा गिअरबॉक्स जड आहे, पण खाली उतरवला की क्लच समोर. ९४४ ला आधी सायलेन्सरची सगळी नळी काढा, मग मागचा गिअरबॉक्स खाली घ्या, मग ती लांब नळी मागे सरकवा, मग कुठे क्लचचं तोंड दिसतं. जुन्या क्लच प्लेटच्या मध्यभागी रबर असायचं आणि ते वयानं फाटतं. गिअर टाकताना आधी थोडी पोकळ फेरी आणि मग ‘ठक्’ असं झालं तर समजायचं. विकणाऱ्याला विचारा, क्लच कुठल्या वर्षी झाला. उत्तर देताना तो गोंधळला तर किंमत त्या हिशेबानं पाडा. नळीतल्या शाफ्टची बेअरिंगही ऐकून घ्या, क्लच दाबल्या-सोडल्यावर खडखड येते का. आणि रेडिएटरच्या टाकीचं झाकण उघडून बघा: इंजिनाच्या ऑइल कूलरच्या रबरी रिंगा गेल्या की तेल पाण्यात जातं आणि टाकीत तपकिरी साय धरते.

गंज दोघींनाही आहे, तऱ्हा वेगळ्या. ९४४ चा सांगाडा जस्ताचा मुलामा दिलेला, म्हणून ती बाहेरून वर्षानुवर्षं ठाकठीक दिसते. पण बॅटरीखालचा पत्रा अॅसिडनं खाल्ला जातो आणि पाणी तिथून थेट पायाशी येतं. कार्पेट उचलून हात लावा. ८० ला मागच्या चाकांच्या कमानी, मागच्या दरवाजाची खालची कड आणि पुढच्या काचेची रबरी पट्टी बघायची. मधे चासिसवर हातोडीच्या दांड्यानं ठोकत जायचं. आवाज बदलला की थांबायचं.

आणखी एक गोष्ट, ८० च्या या टर्बो डिझेलची, जिला तिचे भक्तही नाकारत नाहीत. सुरुवातीच्या वर्षांतल्या वन-एचडी-टी इंजिनाची क्रँकवरची मोठी बेअरिंग अपेक्षेपेक्षा आधी झिजतात आणि झिजताना फारसा आवाज करत नाहीत. जाणकार मालक ऑइलचा पॅन काढून, इंजिन जागेवरच ठेवून ती आधीच बदलून टाकतात. आमची मी हट्टानं बदलायला लावली. पॅन उघडल्यावर दिसलं की जुनी अजून शाबूत होती. दादानं ती पुसून माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि काही बोलला नाही, फक्त हसला. हसू दे. जुनी बेअरिंग शाबूत आहेत हे पॅन उघडल्याशिवाय त्यालाही माहीत नव्हतं.

इंधनाचं थोडक्यात: ९४४ मोकळ्या रस्त्यावर लिटरला दहा-अकरा किलोमीटर देते, ८० सात-आठ, आणि लो रेंजमध्ये किती देते ते विचारू नये. टायर माझीचे १५ इंची, बहुतेक सगळीकडे मिळतात. दादाचे २७५ रुंदीचे, एकेक टायर उचलायला माणूस लागतो. स्पेअर पार्ट दोन्हींचे मिळतात. डॅशबोर्ड तेवढा ९४४ चा कुठेच नीट मिळत नाही, कारण उन्हानं सगळ्यांचेच तडकलेले असतात. माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवर लोकरीचं कव्हर आहे आणि त्याबद्दल प्रश्न विचारलेले मला आवडत नाहीत.

शेवटी, कोणती आवृत्ती घ्यावी हे मला नेहमी विचारलं जातं. ९४४ मध्ये साधं आठ व्हॉल्व्हचं इंजिन पहिल्यासाठी पुरे. ताकद कमी वाटली तर तीन लिटरची एस-टू बघा, २११ अश्वशक्ती आहे आणि टर्बोची उष्णता नाही. ८० मध्ये पेट्रोल नको असेल आणि बेअरिंगची धास्ती वाटत असेल तर टर्बो नसलेलं वन-एचझेड घ्या. तेही ४.२ लिटर, तेही बेल्टवरच, पण जीव थोडा आणि डोक्याला ताप त्याहून थोडा. चढावर मागे गाड्यांची रांग लागते. लागू द्या, उजवीकडून काढतील.